बोटांना घाई चालत नाही



पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. उजव्या हाताची बाही वर सारा. कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग डाव्या हाताने आतल्या बाजूने घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटे पाचसहा वेळा मिटा, उघडा. डाव्या हाताला काय जाणवले? बोटे हलत होती, पण फुगत आणि सैल पडत होते ते कोपराखालचे स्नायू. बोट वाकवणारा एकही स्नायू बोटात नसतो. काही लहान स्नायू तळहातात असतात. पण खरा जोर लावणारे मोठे स्नायू राहतात कोपराखाली, आणि तिथून लांबच लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात.

प्रस्तरारोहण करणाऱ्या, म्हणजे कातळ चढणाऱ्या माणसाचा सगळा भार पाय निसटला की या दोऱ्यांवर येतो. आज तुमच्यापैकी पुष्कळ जण कातळ किंवा कृत्रिम भिंत चढू लागले आहेत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (ते २०२१ साली भरले) हा खेळ प्रथम आला. त्याआधी २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या होत्या. एक चांगला खेळ आपल्या मुलामुलींना मिळाला, याचा मला फार आनंद आहे. परंतु या आनंदाबरोबर एक काळजीही आहे, आणि आज ती तुमच्याशीच बोलायची आहे. ती काळजी तुमच्या बोटांची आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : दुखऱ्या बोटाने चढत राहणे ही जिद्द नव्हे, ते अज्ञान आहे. आणि तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर ते अज्ञान महागात पडू शकते. हे मी का म्हणतो ते आता पाहू.

पुठ्ठ्याचे बोट

वहीच्या जुन्या पुठ्ठ्याची बारा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. दोन ठिकाणी घडी घालून तिचे तीन सारखे भाग करा. ही झाली बोटाची तीन पेरे. शरबत पिण्याच्या नळीचे सेंटिमीटरभर लांबीचे चार तुकडे कापा. पट्टीच्या आतल्या बाजूला पहिल्या पेरावर दोन आणि मधल्या पेरावर दोन असे ते डिंकाने चिकटवा. या चारही तुकड्यांतून एक दोरा ओवा आणि तिसऱ्या पेराच्या टोकाला बांधून टाका. आता पहिले पेर टेबलावर दाबून धरा आणि दोरा ओढा. पट्टी बोटासारखी वळेल.

यानंतर पहिल्या पेरावरचे नळीचे दोन्ही तुकडे काढून टाका आणि दोरा पुन्हा तेवढाच ओढा. दोरा पट्टीला धरून राहत नाही. धनुष्याच्या दोरीसारखा तो पट्टीपासून दूर उभा राहतो, आणि तेवढाच ओढला तरी पट्टी पूर्वीइतकी वळत नाही.

नळीचे हे तुकडे म्हणजे बोटातल्या ‘कप्प्या’. सायकलच्या ब्रेकची तार जशी सांगाड्याला ठिकठिकाणी चिमट्यांनी धरून ठेवलेली असते, तशीच कंडरा हाडाजवळ धरून ठेवायला प्रत्येक बोटात कड्यांच्या आकाराच्या पाच कप्प्या असतात. त्यांच्या मध्ये फुलीच्या आकाराच्या तीन नाजूक कप्प्या वेगळ्याच. कड्यांना डॉक्टर ए-१ ते ए-५ अशी नावे देतात. त्यांतल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या : बोटाच्या पहिल्या पेरावरची ए-२ आणि मधल्या पेरावरची ए-४. कातळ चढणाऱ्यांच्या बोटाला दुखापत होते ती बहुधा याच कप्प्यांपैकी एखादीला, आणि बोट असते बहुतेक वेळा अनामिका किंवा मधले.

काटकोनाचा हिशेब

आता तुम्ही विचाराल, माणसाच्या शरीरातली इतकी मजबूत वस्तू तुटते कशी?

एक ताणलेली दोरी डोळ्यांपुढे आणा. ती सरळ असेल, तर वाटेतल्या कड्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य असतो. तीच दोरी त्या कड्यातून काटकोनात वळवली, तर कड्यावर येणारा जोर दोरीतल्या ताणाच्या सुमारे १.४ पट होतो. बलांचा समांतरभुज चौकोन ज्यांनी शिकला आहे त्यांनी हा आकडा स्वतः काढून पाहावा. म्हणजेच वळण जितके तीव्र, तितका वळणावरच्या कड्याचा छळ जास्त. बोटात हा जोर दोन-तीन कप्प्यांत वाटला जातो, पण हिशेब तोच.

त्यात आणखी एक भर आहे. कंडरा सांध्याच्या अगदी जवळून जाते, अंतर सेंटिमीटरभराच्या आसपास. भार मात्र बोटाच्या टोकावर असतो, त्या सांध्यापासून काही सेंटिमीटर दूर. तरफेचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. टोकावर दहा किलो पेलायचे असतील तर कंडरेला त्याच्या कितीतरी पट ताण सोसावा लागतो.

कातळावर बारीकशी कंगोऱ्याएवढी खाच पकडताना नवशिका काय करतो? बोटाचा मधला सांधा काटकोनात वर उचलतो, टोकाचे पेर मागे वाकवून खाचेत रोवतो आणि वरून अंगठ्याचे कुलूप लावतो. या पकडीला चढणारे ‘क्रिम्प’ म्हणतात. पकड पक्की वाटते, आणि ती पक्की असतेही. पण कंडरेला तीव्र वळण देऊन सगळा जोर कप्प्यांवर टाकणारी पकडही हीच. याउलट बोटे जवळजवळ सरळ ठेवून, टोकाचे पेर किंचित आत वळवून खाचेवर हात ‘ठेवला’, तर ए-२ कप्पीवरचा जोर कितीतरी पटींनी कमी होतो. तिला उघडी पकड म्हणू या. सुरुवातीला ती निसटती वाटते. परंतु सरावाने तिच्यातही जोर येतो.

अशा रीतीने बोट काटकोनात रोवलेले असताना पाय अचानक निसटला, की क्षणार्धात सगळे वजन त्या एका कड्यावर येते. मग ‘टक्’ असा आवाज येतो. शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कधी कधी ऐकू येतो.

माझी अनामिका

हा आवाज मी स्वतः ऐकला आहे. चाळीस वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका कातळावर माझ्या उजव्या अनामिकेतून तो आला. दुखले, पण सहन होण्याजोगे. बरोबरच्या मित्राने सल्ला दिला, ‘‘ओढून घे, बसेल जागेवर.’’ क्रिकेटचा चेंडू लागल्यावर आपल्याकडे हाच सल्ला मिळतो, नाही का? मी बोट ओढून घेतले, वर तेल लावून चोळले, आणि पंधरा दिवसांनी चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा कातळावर गेलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. आज त्या बोटाची मूठ पुरती मिटत नाही. पेन धरताना, कडी लावताना रोज आठवण होते.

तेव्हा मला कप्पी नावाची वस्तू ठाऊक नव्हती. फाटलेली गोष्ट ओढून ‘जागेवर बसत’ नाही. ती आणखी फाटते. एवढे जरी कोणी सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते. म्हणून आता मी सांगतो आहे.

बोट मागे का पडते?

व्यायाम सुरू केला की स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढलेली दिसते. स्नायूंत रक्ताचा पुरवठा भरपूर. खाद्य येते, कचरा जातो, डागडुजी वेगाने होते. कंडरा आणि कप्प्या यांच्यात रक्तवाहिन्या फार थोड्या. त्यांचा मुख्य माल म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. ते नवे तयार होणे, जुने बदलणे, ही कामे महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने चालतात. वर्षानुवर्षे चढणाऱ्यांच्या बोटांतील कप्प्या, कंडरा आणि हाडेसुद्धा जाड झालेली आढळतात. पण ‘वर्षानुवर्षे’ हा शब्द विसरू नका.

धोका नेमका या फरकात आहे. सहा महिन्यांत तुमच्या दंडांत आणि प्रबाहूत इतका जोर येतो, की तो पेलण्याची बोटाची अजून तयारीच झालेली नसते. इंजिन नवे बसवले, पण पूल जुनाच राहिला. इंजिन दमदार आहे म्हणून त्या पुलावरून गाडी भरधाव नेणारा चालक शूर की अविचारी?

वाढत्या वयाची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तुमची बोटे अजून वाढत आहेत. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी तिथे वाढते. वाढ पुरी झाली की तिचेही हाड बनते. तोवर ती शेजारच्या हाडाहून आणि अस्थिबंधांहून दुबळी असते. मोठ्या माणसाच्या बोटावर जास्त भार आला तर कप्पी फाटते. तुमच्या बोटावर तोच भार रोज रोज आला तर ही वाढीची पट्टी तडकू शकते. बहुधा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याशी, आणि तीही मागच्या बाजूने.

यात ‘टक्’ असा आवाज येत नाही, हीच तर अडचण. सांध्याच्या मागे हळूहळू दुखू लागते, थोडी सूज येते, चढताना दुखते आणि घरी गेल्यावर थांबते. मुलगा म्हणतो, ‘‘काही नाही, सरावाचे दुखणे.’’ आणि चढत राहतो. अशा वेळी थांबले, तर बहुतेक बोटे काही महिन्यांत बिनतक्रार बरी होतात. न थांबले, तर बोट वाकडे वाढण्याचा किंवा सांधा कायमचा आखडण्याचा धोका असतो. मोठेपणी त्यावर फारसा इलाज उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका सराव-भिंतीवर मी मुलांना दोर धरायला मदत करीत असे. तिथे नववीतली एक मुलगी येई. गुणी, कष्टाळू, कधी न थांबणारी. एके दिवशी चहा पिताना ती पेला धरताना मधले बोट बाजूला काढून ठेवते, असे माझ्या लक्षात आले. विचारल्यावर आधी नाही म्हणाली, मग डोळे भरून आले. दोन महिने दुखत होते. पंधरा दिवसांवर निवड होती, म्हणून तिने चिकटपट्टीखाली ते लपवले होते. क्ष-किरण चित्रात वाढीच्या पट्टीजवळची तडक स्पष्ट दिसली. निवड हुकली. पुढल्या वर्षी ती पुन्हा चढू लागली, बोटही सरळ राहिले. पण आणखी महिनाभर गेला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनाही सांगता आले नसते.

त्या मुलीचा दोष मी मुळीच मानत नाही. ‘दुखले तरी थांबू नको’ हे तिला आम्हां मोठ्यांकडूनच ऐकायला मिळाले होते.

एक फळी आणि तिचा अर्थ

तुमच्यापैकी काहींनी चित्रफितींत पाहिले असेल : तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात आणि पाय मोकळे सोडून चढणारा केवळ बोटांवर झेपा घेत वर जातो. या फळीला ‘कॅम्पस बोर्ड’ म्हणतात. जर्मनीतील वोल्फगांग ग्युलिश या नामांकित प्रस्तरारोहकाने १९८८ साली न्यूरेंबर्ग येथील ‘कॅम्पस’ नावाच्या व्यायामशाळेत ती बनवली. तिच्यावर सराव करून त्याने १९९१ साली ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हा त्या काळचा जगातला सर्वांत अवघड मार्ग चढून दाखवला. ही हकिगत खरी आणि स्फूर्तिदायक आहे. पण ती सांगताना एक तपशील गाळला जातो. फळी बनवली तेव्हा ग्युलिश सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता, त्याच्या हाडांची वाढ केव्हाच संपली होती, आणि त्याच्या बोटांमागे अनेक वर्षांचे चढणे होते.

त्याची फळी तुम्ही चौदाव्या वर्षी उचललीत, तर त्याचे यश उचलता येत नाही, फक्त धोका उचलला जातो. या दुखापतींचा अभ्यास करणारे डॉक्टर वाढत्या वयातील मुलांना या फळीपासून आणि कमरेला वजने बांधून बोटांवर लोंबकळण्यापासून दूर राहण्याचा सल्ला देतात. माझे मत असे, की शाळकरी मुले जिथे सराव करतात तिथे हा सल्ला भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि तो पाळला जातो की नाही हे प्रशिक्षकांनी पाहावे.

‘‘पूर्वी कुठे होते हे लाड?’’

असे म्हणणारे कोणी तरी तुम्हांला भेटेलच. त्यांना उत्तर द्यायला तुमच्याजवळ युक्तिवाद हवा. पूर्वीची मंडळी सह्याद्रीत जात ती बहुधा रविवारी. सहा दिवस नोकरी, एक दिवस कातळ. पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर चढणे जवळजवळ बंदच. बोटांना लागणारी विश्रांती त्यांना आपोआप मिळत होती, ती मुद्दाम घ्यावी लागत नव्हती. आज कृत्रिम भिंत छपराखाली असते. पाऊस असो की ऊन, ती बाराही महिने उघडी. सुट्टीतल्या शिबिरात तर रोज दोन वेळा चढणे होते. भिंतीने विश्रांती हिरावून घेतली आहे, तेव्हा ती वेळापत्रकात मुद्दाम घालायला हवी. यात लाड नाहीत, साधा हिशेब आहे.

बोट दुखावले तर

पहिली गोष्ट, त्याच क्षणी उतरा. ‘हा एक शेवटचा प्रयत्न’ नको. बोट ओढू नका, मोडू नका, चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावा आणि हात उंच ठेवा. मग डॉक्टरांकडे जा. हाड बसवणाऱ्याकडे नव्हे. आपण वाढत्या वयाचे आहोत आणि कातळ चढतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते वाढीची पट्टी तपासतील. कप्पीची अवस्था श्राव्यातीत ध्वनीच्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, चांगली दिसते.

कप्पी नुसती ताणली असेल तर पूर्ववत चढायला सुमारे सहा आठवडे लागतात. एक कप्पी पुरती फाटली असेल तर सुमारे तीन महिने, आणि तरीही सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. बोटाभोवती कडे घालून कंडरा हाडाजवळ दाबून ठेवतात. एकाहून अधिक कप्प्या फाटल्या तर मात्र बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि सहा महिने जातात. हे आकडे मोठ्या माणसांचे आणि ढोबळ आहेत. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

येथे उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. काही जण घाबरून महिनोन्‌महिने बोट हलवतच नाहीत. नवे कोलॅजन तयार होते तेव्हा त्याचे धागे पिंजलेल्या काथ्यासारखे वेडेवाकडे पडलेले असतात. हलका, योग्य दिशेने दिलेला ताण त्यांना दोरासारखे एका रांगेत आणतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच बोट हळूहळू मिटणे-उघडणे, मऊ चेंडू दाबणे, मग मोठ्या पकडींवर पाय पक्के ठेवून सोपे चढणे, असा क्रम ठेवावा. दुखले की एक पायरी मागे यावे. पूर्ण विश्रांती आणि पूर्ण जोर यांच्या मधली ही वाट कंटाळवाणी खरी, पण बोट याच वाटेने बरे होते.

आणि दुखावू नये म्हणून

चढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे अंग आणि बोटे गरम करा, मोठ्या पकडींवरून सोपे चढा. उघडी पकड आधी शिका, क्रिम्प अगदी गरज पडली तरच वापरा. पायांवर विश्वास ठेवायला शिका. पाय नीट रोवणाऱ्याची बोटे वर्षानुवर्षे टिकतात. लागोपाठ दोन दिवस बोटांवर जोर देऊ नका. वजन घटवण्यासाठी उपाशी राहू नका. डागडुजीचा माल अन्नातूनच येतो. चिकटपट्टी हे चिलखत नव्हे, तिच्या भरवशावर दुखरे बोट भिंतीवर नेऊ नका. दर आठवड्याला प्रत्येक बोटाची पेरे आणि सांधे अंगठ्याने दाबून पाहा. कोठे नवे दुखणे आढळले तर ते घरी आणि प्रशिक्षकांना सांगा.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. उद्या स्पर्धा असताना ‘माझे बोट दुखते’ असे म्हणायला वीस मीटरचा कडा चढण्यापेक्षा जास्त धीर लागतो. पण मित्रांनो, कातळ कोठेही जात नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षे तिथे उभा आहे. तुमच्या बोटासाठी तो आणखी तीन महिने नक्की थांबेल.